वणीच्या पश्चिमेला

आश्विन वद्य द्वादशीला वणीत वसुबारस असते. गाय-वासराला ओवाळतात, दारात पहिली पणती लागते. त्याच दिवशी इथून पश्चिमेला, सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, पीठ, गूळ मागून आणतात, शिवेवर वाघदेवापाशी चूल मांडतात आणि तिथंच नैवेद्य करून खातात. वाघदेव म्हणजे शेंदराने माखलेला लाकडी खांब, कुठे नुसता उभा दगड. त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. बिबट्या आजही गोठ्यापर्यंत येतो, त्यामुळे नैवेद्यामागचं मागणं अजून खरंखुरं आहे: गुरं राख, गुराखी राख.

सण आटोपतो, भात-नागली कापून घरात येते आणि पाडे रिकामे व्हायला लागतात. कणगीत किती भरलं यावर कोण कधी निघणार ते ठरतं. ज्याची कणगी अर्धी, तो आधी निघतो. घरात म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण आणि कोंबड्या राहतात. बाकीचे अंथरूण, दोन भांडी, नागलीच्या पिठाचं गाठोडं घेऊन खाली उतरतात. याला तिकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. होळीला ती माणसं परत येतात, कारण होळी घरीच करायची असते.

उतरून ती जिथं पहिल्यांदा थांबतात, ते गाव म्हणजे वणी.

महाराष्ट्राला वणी ठाऊक आहे ती देवीमुळे. खरं तर सप्तशृंगीचा गड नांदुरीच्या वर, कळवण तालुक्यात. वणी दिंडोरी तालुक्यात, गडाच्या दक्षिणेला. वणी गावात जगदंबेचं वेगळं देऊळ आहे. पण डोंगरातल्या माणसाची वणी आणखी वेगळी. त्याच्यासाठी ती मीठ-मिरची, बियाणं, कपडालत्ता, ग्रामीण रुग्णालय आणि मजुरांचा नाका. पिंपळगाव बसवंतहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता वणीतून जातो. त्याच्या एका टोकाला द्राक्षबागा आणि कांद्याचे लिलाव, दुसऱ्या टोकाला बोरगाव, हतगड आणि गुजरातची हद्द. मधल्या डोंगरात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल. सुरगाणा तालुक्यात शंभरातली नव्वदहून अधिक माणसं आदिवासी आहेत.

आम्ही खालची माणसं या मुलखाला फार लांबचा समजतो. सरकारदरबारीही तो दुर्गमच. पण आमच्या द्राक्षाचा घड ज्या हातांनी विरळला जातो ते हात तिथून येतात, नवरात्रात आम्ही खातो ती भगर तिथल्या उतारावर पिकते, आणि उद्या गिरणा खोऱ्यात खेळवायचं पाणीही तिथूनच आणायचं ठरलं आहे. गेली कित्येक दशकं त्या डोंगरातून सगळं खाली उतरत आलंय. वर काय चढलं, हे तपासायला हवं.

पाण्यापासूनच सुरुवात करू. सुरगाणा-पेठ पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जिल्ह्याच्या पूर्वेला येवला-नांदगावकडे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाही पडत नाही. असं असूनही मार्च उजाडला की पश्चिमेकडच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. नवख्या माणसाला हे कोडं वाटतं. कारण खडकात आहे. हा सगळा डोंगर काळ्या बसाल्टचा. त्याच्या पोटात पाणी साठायला जागा थोडी, वर मातीचा थर वीतभर, आणि उतार तीव्र. कौलावरून पागोळ्या पळाव्यात तसा पाऊस पळून जातो. केम डोंगराच्या परिसरात नार, पार आणि गिरणा या तिन्ही नद्या उगम पावतात. गिरणा पूर्वेला वळून चणकापूर धरणात येते, पुढे मालेगाव करत खानदेशात तापीला मिळते. नार-पार पश्चिमेला उतरतात आणि पारच्या नावानं वलसाडच्या बाजूला अरबी समुद्र गाठतात. जुलैत ज्या ओहोळापुढे गुरं थबकतात, तो फेब्रुवारीत कोरडा दगड असतो.

मग उरतो झिरा. नदीच्या किंवा नाल्याच्या पात्रात, खडकाच्या फटीपाशी, हातभर उकरलेला खड्डा. त्यात पाणी झिरपत राहतं, पण वाटीवाटीनं. बाई उकिडवी बसते, वाटी खड्ड्याच्या कडेला टेकवते, गाळ ढवळणार नाही अशा बेतानं भरते, हंड्याच्या तोंडावर धरलेल्या फडक्यातून ओतते. मग थांबते. पाणी पुन्हा यायला वेळ लागतो. मागे नंबर लावून हंडे मांडलेले असतात आणि प्रत्येकीला आपला हंडा ओळखू येतो. एक हंडा भरायला लागणारा वेळ होळीपासून वैशाखापर्यंत वाढत जातो, म्हणून उन्हाळ्यात काहीजणी रात्रीच येऊन बसतात. भरलेले दोन हंडे डोक्यावर, तिसरी कळशी कमरेवर, आणि चढण. या सगळ्या श्रमाची मजुरी कुठल्याच हजेरीपटावर लागत नाही.

योजना आल्या नाहीत असं नाही. २०१९ साली जल जीवन मिशन जाहीर झालं, पाड्यापाड्यांवर टाक्या उभ्या राहिल्या, नळाच्या तोट्या दारात आल्या. अडतं ते उद्भवापाशी. ज्या विहिरीवरून टाकी भरायची तीच एप्रिलमध्ये तळ दाखवते, तेव्हा नवी कोरी तोटी असूनही बाई झिऱ्यावरच जाते. टँकर लावायचा तर त्याला रस्ता लागतो. जानेवारी २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायांचं चित्र साऱ्या राज्यानं पाहिलं: तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या. तातडीनं लोखंडी पूल बसला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरानं नेला. तालुका वेगळा असला तरी खडक तोच आणि पाऊसही तोच.

या पार्श्वभूमीवर नदीजोडच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पार-तापी-नर्मदा जोडणीचं नाव आलं, तेव्हा गुजरातेतल्या धरमपूर आणि डांगमधले आदिवासी रस्त्यावर उतरले. गावं बुडणार या भीतीनं. गुजरात सरकारनं त्याच वर्षी माघार घेतली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रानं नार-पार-गिरणा प्रकल्पाला मंजुरी दिली. खर्च ७,०१५ कोटी रुपये. पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी धरणांत अडवायचं, उचलून गिरणेच्या खोऱ्यात टाकायचं, म्हणजे कळवणपासून जळगावपर्यंतची तहान भागेल. गिरणा खोऱ्यातल्या शेतकऱ्यानं यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली आहे आणि त्याची गरज खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या डोंगरातून हे पाणी उचललं जाईल, त्या डोंगराच्या पाड्यांना त्याच पाण्यातला पहिला हिस्सा मिळाला पाहिजे, आणि तोही प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात लिहून. नंतर देऊ म्हटलेलं पाणी डोंगर चढत नाही.

शेतीकडे वळू. सपाट तुकडा असेल तिथं बांध घालून खाचर करतात, त्यात भात. बाकी सगळं वरकस. उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या, पाला, शेण, गवत अंथरून वरून माती पसरतात आणि पेटवतात, हा राब. त्या भाजलेल्या जागेत रोपं टाकतात. पाऊस लागला की नागलीची रोपं उपटून उतारावर लावायची. वाकून, दिवसभर, अंगावर प्लॅस्टिकचा कागद. पहिल्या वर्षी नागली, पुढे त्याच जागेत वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन पडीक टाकायची. पातळ मातीला विश्रांती लागते हे जाणून बसवलेलं हे चक्र आहे. कुटुंबं वाढली, जमीन तेवढीच राहिली, तशी विश्रांतीची वर्षं कमी होत गेली आणि उतार धुपू लागला.

नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात, गव्हात त्याच्या जवळपासही नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्याचं म्हणून साजरं केलं आणि शहरात नागलीची बिस्किटं, डोशाचं पीठ, लाडू दिसू लागले. बचत गटांच्या नागली पापडाला नाशिकात गिऱ्हाईक चांगलं आहे. पण पिकवणाऱ्याच्या घरात उलटं घडत आलं. रेशनचा तांदूळ-गहू आला, नागली कमी लावली जाऊ लागली, आणि जी पिकते तीही नड भागवायला आधी विकली जाते. वरईचंही तसंच. तिचीच भगर. नाशिकच्या गिरण्यांत ती सडली जाते. नवरात्रात गडावर येणारे लाखो भाविक नऊ दिवस भगर खातात. गडाच्या पायथ्यापासून पश्चिमेला पाहिलं तर जे डोंगर दिसतात, तिथल्याच उतारांवर हे उपासाचं धान्य उगवतं.

गडाचा विषय निघालाच आहे. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. म्हातारा-अपंग भाविकही काही मिनिटांत कडा चढून देवीपाशी पोचतो. मला त्याचा आनंद आहे, माझ्या घरातली वृद्ध माणसं त्यामुळेच दर्शन घेऊन आली. त्याच डोंगररांगेत पश्चिमेला अशा वस्त्या आहेत की पावसाळ्यात अडलेल्या बाईला झोळी करून, दोन माणसांनी बांबू खांद्यावर घेऊन, डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले; पण ती रस्ता संपतो तिथं थांबते, आणि तिला बोलवायला फोन करायचा तर टेकडी चढून रेंज शोधावी लागते. भातलावणीच्या दिवसांत साप चावतो. लस ग्रामीण रुग्णालयात असते, भगत शेजारच्या घरात. जो जवळ असतो त्याच्याकडे आधी नेतात. यात अडाणीपणा शोधण्यापेक्षा अंतर मोजलेलं बरं.

आता नाका. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरभर चालते. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, मग फुटवे काढायचे, घड दिसले की विरळणी, डिपिंग, पुढे जानेवारीपासून तोडणी. कामं ठरलेल्या दिवसांतच व्हावी लागतात, एक दिवस चुकला तरी बागायतदाराची झोप उडते. त्यामुळे सकाळी उजाडायच्या आत वणी, दिंडोरी, पिंपळगावच्या नाक्यांवर पिकअप लागतात. डोक्याला रुमाल, हातात डबा, पायात प्लॅस्टिकच्या चपला अशा बायांचे घोळके उभे असतात. बोलणं ठरलेलं. ‘किती माणूस?’ ‘बारा हात, दादा.’ ‘एकराला काय घेता?’ मुकादम आकडा सांगतो, बागायतदार पाडून मागतो, एखादी जुनी बाई मध्येच म्हणते, ‘मागल्या साली तुमच्याच बागेत होतो ना, घड मोजून ठेवलेत आम्ही.’ उक्तं ठरतं, गाडी भरते. एका पिकअपमध्ये किती माणसं कोंबावीत याला नाक्यावर कुणी विचारत नाही. ही गाडी उलटल्याची बातमी मात्र आम्ही दरवर्षी वाचतो.

विरळणी करताना बाईचे हात पाहावेत. घडाच्या पाकळ्या बोटांनी हलक्या बाजूला करायच्या, आतले दाटीतले मणी टोकदार कात्रीनं कापायचे, बाहेरचा एकही मणी दुखवायचा नाही. हात डोक्याच्या वर, मान मागे, तासन्‌तास. कुठल्या घडाला किती मणी ठेवायचे हे तिला सांगावं लागत नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीवरून ती कुठल्या बागेतली, कुठल्या शेतकऱ्याची, हे शोधता येतं. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये तशी नोंद असते. बागेत फवारलेलं औषध तपासलं जातं, त्याचा अंश किती उरला तेही. ती पेस्ट उघड्या हातांनी लावणारीच्या कातडीचं काय झालं, तिच्यासाठी बागेत संडास होता का, तिचं तान्हं कुठल्या झाडाला बांधलेल्या झोळीत होतं, याची नोंद कुठल्याही व्यवस्थेत होत नाही. चांगले बागायतदार आहेत, राहायला पत्र्याची खोली, सरपण, आजारपणात औषध देणारे. त्यांच्याकडे तीच टोळी वर्षानुवर्षं येते. पण हे सगळं त्या-त्या माणसाच्या स्वभावावर सोडलेलं आहे, आणि स्वभावावर सोडलेली गोष्ट हक्काची नसते.

मुलं बरोबर येतात. आश्रमशाळेत असलेली मागे राहतात, अंगणवाडी आणि पहिली-दुसरीतली आईच्या मागे. कोकणी बोलणारं पोर (ही कोकणी गोव्याची नव्हे, कोकणा जमातीची) शाळेत येऊन पुस्तकी मराठी जेमतेम ओळखू लागतं तोवर दिवाळी येते. होळीनंतर ते परततं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. सुरगाणा हे छोटं संस्थान होतं, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. आधीपासूनच राखीव जंगलाच्या रेषा डोंगरावर ओढल्या जात होत्या. आजोबा कसत होते ती जागा नातवाच्या काळात वनखात्याची निघाली आणि नातू अतिक्रमण करणारा ठरला. दरवर्षी दंड, कधी औतं जप्त, कधी उभ्या पिकात गुरं. २००६च्या वनहक्क कायद्यानं हा अन्याय ऐतिहासिक असल्याचं आपल्या प्रस्तावनेतच मान्य केलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन कसतो, ती चार हेक्टरपर्यंत त्याच्या नावे करायची. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव. विकता येणार नाही, वारसाला मिळेल. दावा गावच्या वनहक्क समितीकडे, ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती. पुरावा म्हणून काय जोडायचं? पाड्यावरच्या माणसानं दंडाच्या जुन्या पावत्या जोडल्या. ज्या कागदानं त्याला गुन्हेगार ठरवलं होतं, त्याच कागदानं तो तिथं कसत होता हे सिद्ध झालं. तेलकट पिशवीत, छपराच्या वाशाला टांगून, दोन पिढ्यांनी त्या पावत्या जपल्या होत्या.

दावे अडकले. मंजूर झाले तेही अनेकदा कसत असलेल्या क्षेत्राहून कमी: एकरांचा दावा आणि गुंठ्यांचा पट्टा. त्यातून ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. त्यात सर्वांत मोठा भरणा सुरगाणा, कळवण, दिंडोरी, पेठच्या आदिवासींचा होता. सुमारे १८० किलोमीटर. फुटलेल्या चपला, सोललेले तळवे. दहावीची परीक्षा सुरू होती, मुलांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून मोर्चेकरी शेवटच्या रात्री न झोपता चालले आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोचले. मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणं, चपला दिल्या. सरकारनं दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन दिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं. मार्च २०२३ मध्ये तर मोर्चा आमच्या दिंडोरीतूनच निघाला आणि वासिंदला थांबला. तिन्ही वेळा मागण्यांच्या यादीत वनपट्टा होताच. एकाच कागदासाठी तीनदा रस्त्यावर उतरायला लावणं हे कुठल्याही सरकारला शोभणारं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला, अशी मागणी केली. बेळगावचा वाद तापलेला होता, त्यामुळे बातमी गाजली, अधिकारी धावले, बैठका झाल्या, मागणी शमली. मराठी अस्मितेच्या अंगानं त्यावर खूप लिहिलं गेलं. गावांच्या तक्रारी मात्र साध्या होत्या: रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा. पलीकडच्या गुजरातच्या गावात रस्ता गुळगुळीत, अलीकडे खड्डे. नातेवाईक दोन्हीकडे, त्यामुळे तुलना रोजची.

अंधारच आहे असंही नाही. बोरगाव-सापुतारा रस्त्यानं डिसेंबरनंतर गेलात तर दुतर्फा स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागतात. सुरगाणा-कळवणच्या आदिवासी शेतकऱ्यांनी थंड हवेचा उपयोग करून हे पीक बसवलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावतात, गादीवाफा, मल्चिंग पेपर, ठिबक. डिसेंबरापासून तोडा सुरू, मार्चपर्यंत चालतो. माल सापुताऱ्याच्या पर्यटकांना, वणी-नांदुरीच्या भाविकांना, नाशिकला आणि सुरतेपर्यंत जातो. काहींनी केशर आंब्याची कलमं लावली आहेत. आणि इथं सगळा हिशोब पुन्हा पाण्यावर येतो. नाल्यावर बंधारा आहे, शेततळं आहे, किंवा विहिरीला मार्चपर्यंत पाणी आहे, त्याच शेतात हे होतं. पाव एकर स्ट्रॉबेरीलाही घरातले सगळे हात पुरत नाहीत. अशा घरातलं कुणी दिवाळीनंतर वणीच्या नाक्यावर दिसत नाही, आणि त्यांची पोरं फेब्रुवारीत आपल्याच शाळेच्या पटावर हजर असतात. वनपट्टा हातात असेल तर त्या जमिनीवर रोजगार हमीतून शेततळं, बांधबंदिस्ती, विहीर करता येते. सामूहिक वनहक्क असेल तर ग्रामसभा आपलं जंगल राखून झरे जिवंत ठेवू शकते. कायदा आहे, योजना आहे, पैसाही मंजूर होतो. यंदाच्या पावसाळ्याआधी किती पाड्यांवर बंधारा झाला आणि किती दावे निकाली निघाले, हे आम्ही वणी-दिंडोरीकरांनी, ज्यांच्या बागा त्या माणसांच्या हातांवर उभ्या आहेत त्यांनी, तहसीलमध्ये जाऊन विचारायला सुरुवात केली पाहिजे.